पहिल्या वर्गाची पितळी कडी

ज्यांनी रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयात कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. म्हणजे सौंसर, मोहगाव, रामाकोना आणि पांढुर्णा इथल्या जवळजवळ सगळ्यांसाठी. तिथं बसण्यात काही अर्थ आहे का, असं परत आल्यापासून मला रोज कोणी ना कोणी विचारतं. बसस्टँडवर विचारतात, न्हाव्याकडे विचारतात, एकाने तर मयतीत विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. एरवी मी पत्रकं लिहितो. पत्रकात पहिल्या ओळीत निषेध असतो आणि शेवटच्या ओळीत मागणी. इथं मध्ये प्रवास आला, त्यामुळे दोन्ही जागा थोड्या सरकल्या आहेत.

सौंसर

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीच्या आधी मी ‘फलाटावरचा माणूस’ हे पत्रक काढलं. आमचं मंडळ सात जणांचं, पण आवाज सत्तरांचा. पत्रकाचं म्हणणं साधं होतं. रेल्वे सगळ्यांची, उशीर सगळ्यांना सारखा, मग वाट पाहायला खुर्ची काहींनाच का? एकाला आरामखुर्ची आणि दुसऱ्याला स्वतःचं गाठोडं, हा कुठला न्याय? शेवटी एक शपथ होती. ‘वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय सर्वांना खुले होईपर्यंत मी त्यात कोणत्याही कारणाने पाऊल ठेवणार नाही.’

‘कोणत्याही कारणाने’ हे दोन शब्द मी मागाहून घातले. वाचताना वजन येतं म्हणून. पुढे जे काही घडलं ते या दोन शब्दांनी घडवलं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मोहगावच्या विहारात बैठक झाली. मी शपथ वाचली, शंभरेक लोकांनी हात वर केले. मागून एक म्हातारा म्हणाला, “अबे, पण आमाले आत घेतेच कोन? ज्या ताटात वाढत नाही त्या ताटावर रुसाचं कसं?” लोक हसले. मी त्याला संघर्षाचं महत्त्व समजावलं. तो म्हणाला, “हाव, मंग ठीक हाये,” आणि त्यानेही हात वर केला. पांढुर्ण्याहून माझी आत्या, कौसल्याआत्या, मुद्दाम आली होती. तिने हात वर केला तो बैठक संपेपर्यंत खाली घेतला नाही.

आमचे अध्यक्ष वासनिक गुरुजी यांनी मात्र हात वर केला नव्हता. ते निवृत्त शिक्षक, राहणार रामाकोना. रामाकोन्याला छोट्या लाइनीची गाडी येते आणि गुरुजींच्या लेखी तिथलं खरं प्रतीक्षालय म्हणजे स्टेशनाजवळचा लिंब. पाटील, मजूर, शेळी, सगळे त्याच सावलीत. गुरुजी म्हणाले, “मिलिंद, तू त्या खोलीत कधी बसला काय?”

“नाही.”

“मंग आरामखुर्ची आहे म्हणून कशावरून लिहिलं?”

मी म्हणालो, जाळीच्या दारातून दिसते.

“दारातून पाहून परीक्षा देता आली असती तर माझा अर्धा वर्ग पास झाला असता,” गुरुजी म्हणाले. “आत बसून ये. मग लिही.”

असा ठराव झाला. मंडळाने वर्गणी काढून मला पहिल्या वर्गाचं एक तिकीट द्यायचं आणि शपथेतून ‘पाहणीपुरती सूट’ द्यायची. निमित्तही आयतं होतं. आत्याच्या मुलीला, रंजनाला, जबलपूरला नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. सोबत पुरुष माणूस पाहिजे, असं आत्याचं म्हणणं. जबलपूरची गाडी जंक्शनावर बदलावी लागते आणि मध्ये तीन-चार तास बसावं लागतं. पाहणीला यापेक्षा चांगली दुपार कुठली?

पहिल्या वर्गाचा माणूस दिसायला पाहिजे म्हणून गुरुजींनी आपला लोकरी कोट दिला. गुरुजी उंच आहेत. मी नाही.

मोहगावच्या पुढे

बस मोहगावला थांबली तेव्हा शपथ घेतलेल्यांपैकी चार-पाच जण कोट पाहायला आले. कंडक्टरने “बारात कहां जा रही है?” असं विचारलं. पुढे रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग होती, पांढुर्ण्याच्या बाजारात निघालेली. बंडीवाले कापसाच्या ढिगावर उताणे पडून आमच्याकडे पाहत होते. आरामखुर्चीचा विषय डोक्यात असल्याने मी ते लक्षपूर्वक पाहिलं. इतकं आरामात बसलेला माणूस मला पुढच्या सबंध प्रवासात दिसला नाही.

पांढुर्णा

आत्याचं घर स्टेशनाच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. ती कापूस वेचायला जाते, संत्र्याच्या दिवसांत तोडणीला. नवरा गेल्यावर एकटीने रंजनाला बारावीपर्यंत शिकवलं. त्या रात्री तिने वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि असा ठेचा केला की मला माझी दोन पत्रकं आठवेनाशी झाली.

रंजना कोपऱ्यात कागद लावत बसली होती. बारावीची गुणपत्रिका, मूळ निवासाचा दाखला, जातीचा दाखला. अस्सल कागद, कारण बोलावण्याच्या पत्रात तसं बजावलं होतं. कागद नसतील तर मुलाखत नाही, आणि पुन्हा बोलावणं नाही. ती प्रत्येक कागद उचलायची, वाचायची आणि परत ठेवायची. आत्या म्हणाली, “तिनं हे कागद इतके वाचले की त्याइचा रंग उडून राहिला.”

“नाही झालं तर?” मी विचारलं. असं विचारू नये, हे मला विचारल्यावर कळलं.

“नाही झालं तर मायसंगं कापूस,” रंजना म्हणाली. “त्यात काही लाज नाही, दादा. पण मले सुई टोचाची हाये, बोंडं नाही.”

सकाळी आत्याने कापडी थैलीत संत्री भरली. आमच्याकडून परगावी जाणारा माणूस अंगरखा विसरेल, संत्री विसरणार नाही. जबलपूरला आम्ही गुरुजींच्या डोंगरे नावाच्या साडूकडे उतरणार होतो. पांढुर्ण्याचा पाहुणा दारात आला की यजमान आधी थैलीकडे पाहतो, मग तोंडाकडे, अशी जगरहाटी आहे. आत्याने ज्या बागेत तोडणी केली तिथल्याच झाडांची ती निवडून आणली होती. एकेक उचलून, तोलून, पदराला पुसून तिने आत ठेवली.

स्टेशनवर मी थेट प्रतीक्षालयाकडे निघालो, पण गाडी वेळेवर आली. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर माझ्या पाहणीची पहिली संधी अशी हुकली. मी वहीत लिहिलं : ‘गाडी वेळेवर. संशयास्पद.’

पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही मी आत्या-रंजनासोबत दुसऱ्या वर्गात बसलो. कोटामुळे लोकांनी मला तिकीट तपासनीस समजून जागा दिली. दोघे जण तर पुढच्या स्टेशनला उतरून गेले.

जंक्शन

जंक्शनाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला ऐन वेळी एक फडकं दिलं, त्याची जाण ठेवतो.

जबलपूरची गाडी पाचला होती. आम्ही उतरलो तेव्हा दीडही वाजला नव्हता. आत्याने फलाटावर एक खांब निवडला, त्याला टेकून गाठोडं ठेवलं आणि बसली. मी रंजनाला म्हणालो, “कागद माझ्याकडे दे. फलाटावर चोऱ्या होतात. आत सुरक्षित राहतील.” ज्या खोलीविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, तिच्यावर माझा इतका विश्वास! रंजनाने क्षणभर कागद धरून ठेवले. मग दिले. मी ते माझ्या शबनम पिशवीत टाकले आणि कोट नीट करून निघालो.

दारावर जाळी, जाळीवर पाटी : केवळ वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी. दारात स्टुलावर एक म्हातारा रखवालदार, मांडीवर नोंदवही. त्याने तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग मला पाहिलं.

“कोट किसका है?”

“मेरा.”

“बाहें तो किसी और की हैं.”

मी निषेधाच्या सुरात नाव, तिकीट क्रमांक आणि ‘कुठून कुठे’ लिहिलं आणि आत गेलो.

आता खरं सांगतो. खुर्ची चांगली आहे. वेताची बैठक, लांबच लांब हात, त्यावर पायही ठेवता येतात. भिंती जाड, वर पंखा, फलाटाचा गलका आत येतायेता मऊ होतो. हे मी लपवणार नाही. लपवायला मी रेल्वेचा माणूस नाही आणि भांडवलदारांचाही नाही.

पण माणसं! एक जंगलाचा ठेकेदार होता, पायाशी चार पुडांचा जेवणाचा डबा. दुसरा कोणी साहेब, तोंडासमोर वर्तमानपत्र. मी म्हणालो, “नमस्कार. कहां जा रहे हैं?” साहेबांनी पान उलटलं. ठेकेदाराने डोळे मिटले. मी दहा मिनिटं थांबलो. मला कोणीही गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, कुणाकडे निघालो ते विचारलं नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. जात न विचारल्याबद्दल मी मनात एक गुण दिला. बाकीच्याबद्दल कापला. आमच्याकडे लिंबाखाली शेळीसुद्धा इतका वेळ गप्प बसत नाही.

मग स्नानगृहाची पाहणी केली. नळाला पाणी, आरसा, आणि दाराला आतून बोटाएवढी जाड पितळी कडी, घासून चकचकीत. मी वहीत लिहिलं : ‘पितळी कड्यांवर जनतेचा पैसा!’ पुढच्या पत्रकाचा मथळा मिळाला म्हणून खूश होऊन बाहेर आलो.

बाहेर वेगळंच जग. तासाभरात आत्याचा खांब म्हणजे अख्खं गाव झालं होतं. परासियाच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची बायको तिच्या शेजारी बसली होती, आणखी तीन बाया, एक तान्हं मूल. ठेचा एकीच्या भाकरीवर, लोणचं दुसरीच्या. परासियावाली हीच गाडी पकडणार होती आणि तिने रंजनासाठी खिडकी धरायचं कबूल केलं होतं. हे सगळं मला पंधरा शब्दांत कळलं, कारण पाचही जणी एकदम सांगत होत्या.

मी माझी पाहणी वाचून दाखवली. खुर्ची, पंखा, आरसा. आत्या ठेचा चाखत ऐकत होती. कडीचा मथळा आला तशी थांबली.

“आतमंदी कडी हाये?”

“पितळी!” मी म्हणालो. “बोटाएवढी!”

“लागते?”

“काय?”

“लागते का, बापा? आतून लागते का?”

मी म्हणालो, लागते. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग परासियावालीने सांगितलं की, इकडच्या बायांच्या संडासाला कडी नाही. कधीची तुटली आहे. दोघी मिळून जावं लागतं, एकीने बाहेरून दार ओढून धरायचं. आणि रंजनाने तर सकाळी पांढुर्णा सोडल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

“काऊन?” मी विचारलं.

रंजनाने मान खाली घातली. आत्या म्हणाली, “काऊन म्हंजे? पेलं की जावं लागते. पोट्ट्याइले हे कळत नाही. तू खुर्च्या मोजून राहिला. आमाले तुह्या खुर्चीचं काय करायचं? बसाले आमी गोट्यावरही बसतो.”

माझ्या पत्रकात चार पानं होती. त्यात संडास हा शब्द नव्हता.

मी रंजनाला म्हणालो, “चल, आत चल. मी रखवालदाराशी बोलतो. हक्काने बोलतो.”

रंजना उठली. आत्याने तिचा हात धरून खाली बसवलं. “शपत घेतली न आपन.”

“आत्या, ती शपथ मी लिहिली. मीच सांगतो, आज मोडा.”

“तू लिहिली म्हनून तुही झाली काय? थो तुह्या घरचा कागद हाये का? सारं मोहगाव हात वर करून बसलं होतं. कोनत्याही कारनानं, असं तूच वाचलं. मी इचारलं होतं तुले बैठकीत, कोनत्याही म्हंजे कोनत्याही? तू म्हनला, हाव.”

तिने विचारलं होतं. मी हाव म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

मग आत्या रंजनाला घेऊन त्या कडी नसलेल्या दारापाशी गेली. परासियावालीही गेली. दोघींनी मिळून दार धरलं. परत आल्यावर रंजनाने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. मी खांबाकडे पाहत उभा होतो.

“पाहनी झाली का तुही?” आत्याने विचारलं.

“थोडी राहिली आहे,” मी म्हणालो आणि आत गेलो. खरं म्हणजे मला तोंड लपवायला जागा पाहिजे होती, आणि त्यासाठी पहिल्या वर्गाचं प्रतीक्षालय उत्तम आहे. तिथं कोणी विचारतच नाही. पिशवी पोटावर घेऊन मी खुर्चीत बसलो. पाच मिनिटं बसून कडीचा मथळा खोडायचा असं ठरवलं. रात्रभर भरिताने झोप दिली नव्हती, कोट लोकरी होता, पंखा फिरत होता, खुर्चीचे हात लांब होते.

पुढचं मला अर्धं आठवतं, अर्धं रखवालदाराने सांगितलं.

गाडी आली. ती दुसऱ्याच फलाटावर येणार आहे हे बाहेर सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. परासियावालीने रंजनाला पूल ओलांडून नेलं, खिडकीत बसवलं. कागद माझ्या पोटावर. आत्या प्रतीक्षालयाच्या दारात आली. रखवालदार नेमका आतली जुनी वर्तमानपत्रं नीट लावायला उठला होता. दार एका हमालाने धरलं. आत्याने हाका मारल्या : “मिलिंद! ए मिलिंद! ऊठ बापा, गाडी आली!” ठेकेदाराने डोळे उघडले, साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी घोरत होतो.

रखवालदार म्हणाला, “माई, अंदर जाकर उठा लो.”

“नाही येत,” आत्या म्हणाली. “शपत हाये.”

तिच्या चपलांची टोकं उंबऱ्याला टेकलेली होती. आत एक दोरासुद्धा गेला नाही, हे रखवालदाराने मला दोनदा सांगितलं. तोच मला हलवायला निघाला, तेवढ्यात गाडीने शिट्टी दिली आणि आत्याने थैलीत हात घातला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, ते मी सांगायला नको. त्याबद्दल माझं वेगळं पत्रक आहे. बाया त्यात नसतात. पण ज्या गावात नेमाची चर्चा भाजीच्या भावासारखी चालते तिथं पंचवीस वर्षं काढली की हाताला काही ना काही लागतंच. पहिलं संत्रं ठेकेदाराच्या डब्यावर लागलं आणि घंटा झाल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याने साहेबांचं वर्तमानपत्र मधोमध फाडलं. ही दोन अंदाज घेण्यासाठी होती, असं ती नंतर म्हणाली. तिसरं माझ्या छातीवर, चौथं कपाळावर. पाचवं आणि सहावं रागाचं. उरलेली थैलीसकट उंबऱ्यापाशीच राहिली.

मी “निषेध!” असं ओरडत उठलो, असं म्हणतात.

मग धावलो. पुढे आत्या, मागे मी, मध्ये गुरुजींच्या कोटाच्या बाह्या. पूल चढलो, उतरलो. गाडी हलली होती. बायांच्या डब्यातून चार हात बाहेर आले आणि त्यांनी आत्याला कापसाच्या बोजासारखं आत ओढलं. खिडकीत रंजना होती, पांढरीफटक. “दादा, कागद!” मी पिशवी फेकली. नेम आमच्या घराण्याचा आहे. तिने दोन्ही हातांनी झेलली. मीही दांडी धरणार, इतक्यात चपलेला लागलेलं संत्रं फलाटावर सटकलं आणि मी बसलो. पहिल्या वर्गाचा डबा माझ्यासमोरून गेला, जवळजवळ रिकामा. त्यात माझी जागा होती.

मी परत प्रतीक्षालयात आलो. तिकीट अजून चालत होतं. जमिनीवर रस, साली, बिया. रखवालदाराने एक ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मी कोट काढून गुडघ्यांवर बसलो आणि पुसायला लागलो.

तेव्हा साहेब बोलले. सबंध दुपारात पहिल्यांदा.

“संतरा कहां का है?”

“सौंसर-पांढुर्णा का.”

त्यांनी मांडीवरचं संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. “मीठा है.”

ठेकेदार म्हणाला, “हमारे डब्बे के नीचे भी एक है.” जी फुटली नव्हती ती चौघांनी वाटून खाल्ली. अर्ध्या तासात मला साहेबांच्या मुलीचं सासर, ठेकेदाराचा मधुमेह आणि रखवालदाराच्या गावातली विहीर, सगळं माहीत झालं. खोलीत बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते गप्प होते, असं आता माझं मत आहे. आमच्या खांबापाशी ठेचा होता.

मी रखवालदाराला विचारलं, फलाटावरच्या बाया इथल्या कडीसाठी आल्या तर?

“पूछती हैं तो मैं मना नहीं करता, बेटा. पूछती ही नहीं.”

माणूस भला होता. पण मी विचारलं, “तुमची ड्यूटी किती वाजेपर्यंत?”

“छह बजे तक.”

भल्या माणसाची ड्यूटी सहाला संपते. सहानंतर कडी कोणाची? हे मी कोटाच्या खिशातल्या वहीत लिहिलं. हे खोडलेलं नाही.

जबलपूर

रात्रीच्या गाडीने निघून उजाडताना मी डोंगऱ्यांच्या दारात पोचलो. डोंगऱ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आतून आत्याचा आवाज आला, “त्याच्याजवळ काही नाही. संत्री फस्ट क्लासवाल्याइनं खाल्ली.” मी पोचायच्या आधीही तिने डोंगऱ्यांना हेच सांगितलं होतं. नंतर ते खरं निघालं, ही वेगळी गोष्ट.

रंजना तयार होती. दोन वेण्या, पांढरी साडी. मूळ निवासाच्या दाखल्यावर माझ्या पिशवीतून रसाचा पिवळा डाग उतरला होता, शिक्क्याच्या अगदी शेजारी. ती माझ्याशी बोलत नव्हती. आम्ही तिघं चालत गेलो. दहा वाजता ती आत गेली आणि आम्ही बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. तिथं प्रतीक्षालय नव्हतं. एका कारकुनाने कागद तपासताना डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय? रंजनाने नंतर सांगितलं, ती म्हणाली, “मायनं दादाला संत्रं फेकून मारलं, म्हणून मी इथं वेळेवर आले.” टेबलामागच्या वयस्क बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, नीट सांग. तिने सगळं सांगितलं. खुर्ची, शपथ, कडी. कडीपाशी त्या बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं, दिवसभर पाणी न पिता राहिलं तर काय होतं? रंजनाने ते बरोबर सांगितलं, पुस्तकातलं आणि स्वतःचंही.

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. आत्याला वाचता येत नाही. रंजनाने तिचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं. आत्याने ते बोट बराच वेळ तिथून काढलं नाही. मागचे लोक कुरकुरायला लागले तेव्हा ती म्हणाली, “थांबा न. पाहून राहिली मी.”

पुन्हा मोहगाव

परत आल्यावर विहारात बैठक झाली. गुरुजींनी आधी कोट हुंगून पाहिला आणि घडी घालून बाजूला ठेवला. मग विचारलं, “हं. बसण्यात अर्थ आहे काय?”

मी उभा राहून सांगितलं. खुर्ची चांगली आहे, पण खुर्चीसाठी जीव टाकावा अशी नाही. त्यात माणूस झोपतो आणि गाडी जाते. सोबत वाईट आहे, संत्री नेल्यास सुधारते. त्या खोलीत मोलाची वस्तू एकच, ती म्हणजे आतून लागणारी कडी, आणि ती तिकिटाचा वर्ग पाहून लावायची वस्तू नाही. म्हणून ‘आरामखुर्ची सर्वांना’ ही आमची मागणी मी मागे घेतो. नवी मागणी : प्रत्येक स्टेशनावर, प्रत्येक वर्गाच्या बाईला, चोवीस तास, आतून लागणारी कडी.

टाळ्या पडल्या, या वेळी बायांच्या बाजूने जास्त. मागचा तो म्हातारा म्हणाला, “हे समजलं.”

मग मी म्हणालो की, नवं पत्रक निघेपर्यंत जुनी शपथ रद्द समजावी.

“रद्द कायले?” कौसल्याआत्या उभी राहिली. “शपत चांगली हाये. पन तिच्यात एक गोष्ट कमी हाये. लिही.”

मी वही काढली. आत्याने सांगितलं, मी लिहिलं, आणि शंभर हातांनी ते मंजूर केलं. दुसऱ्या आवृत्तीत ती शपथ अशी छापली आहे :

‘वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय सर्वांना खुले होईपर्यंत मी त्यात कोणत्याही कारणाने पाऊल ठेवणार नाही. मात्र पुढारी आत झोपला असल्यास त्याला उठवायला जाण्यास हरकत नाही.’